पसारा करणाऱ्या घोड्याखाली काय अंथरावं

काही घोडे जात्याच नीटनेटके असतात. ठाणाच्या मागच्या एका कोपऱ्यात लीद टाकतात, मुतायची जागा ठरलेली असते, आणि सकाळी दार उघडलं की बाकीचा बिछाना जवळजवळ कालच्यासारखाच दिसतो. माझ्या घोड्याच्या शेजारच्या ठाणात अशीच एक घोडी आहे. तिचं ठाण साफ करायला एक घमेलं आणि पाच-दहा मिनिटं पुरतात. माझा कापूर त्यातला नाही. खच्ची केलेला, पांढरा, वयाने पोक्त, स्वभावाने अगदी गरीब. पण रात्रभर ठाणात फेऱ्या मारण्याची सवय. दारापासून मागच्या भिंतीपर्यंत, तिथून वळून पुन्हा दाराशी. टाकलेली लीद पायांखाली चुरडते, ओल्यात मिसळते, ओल चहूकडे पसरते, आणि पहाटे कधीतरी दमून हा गृहस्थ नेमका त्याच राड्यात आडवा होतो. सकाळी एक बाजू पांढरी, दुसरी हिरवट-पिवळी. खरारा करून ती बाजू काही उजळत नाही, रोज धुवावी लागते.

म्हणून ‘सगळ्यात चांगला बिछाना कोणता’ या प्रश्नात मला फारसा अर्थ वाटत नाही. शेजारच्या घोडीखाली काहीही अंथरा, चालून जातं. बिछान्याची परीक्षा होते ती कापूरसारख्याच्या पायाखाली. तबेल्यात ज्याला विचारावं त्याचा एक लाडका माल असतो आणि तो त्याच्या घोड्याला मानवलेला असतो. एक जण पेंढ्याखेरीज दुसरं काही ऐकून घेत नाही, दुसऱ्याचा सगळा जीव रंध्याच्या छिलक्यांवर. आमचे जुने मोतद्दार मात्र एवढंच म्हणाले, “ताई, माल नंतर बघू. हा रात्री करतो काय, ते आधी बघा.”

ते मला पटलं. ठाणाच्या वरच्या कोपऱ्यात एक साधा कॅमेरा लावला आणि काही रात्रींचं चित्रण सकाळी चहा पिता पिता पळवत पाहिलं. त्यातून जे दिसलं त्यावरच पुढचं सगळं उभं राहिलं, म्हणून ते जरा सविस्तर सांगते.

पहिलं, तो मुततो ते ठाणाच्या जवळजवळ मध्यावर. नर घोडे पाय मागे ताणून उभे राहतात, त्यामुळे धार पोटाखाली पडते आणि ओला डाग ठाणाच्या मधोमध येतो. घोडी मागे सोडते, म्हणून तिचा डाग बहुधा भिंतीच्या बाजूला सापडतो. शेजारची घोडी नीटनेटकी दिसते त्यात तिच्या गुणांइतकाच शरीररचनेचाही वाटा आहे, हे तेव्हा ध्यानात आलं. दुसरं, मोकळ्या कुरणात दिवसभर असताना हा लघवी रोखून धरतो आणि ठाणात मऊ बिछान्यावर पाय पडला की लगेच करतो. बरेच घोडे असं करतात. कडक जमिनीवर शिंतोडे पायांवर उडतात ते त्यांना आवडत नाही. तिसरं, लीद मात्र तो चालता चालता टाकतो, मुख्यतः दाराशी आणि मागच्या वळणावर. चौथी गोष्ट मी अपेक्षिलीच नव्हती. ज्याला मी घाण बिछाना म्हणत होते त्यातला बराच भाग चक्क गवत होतं. टांगलेल्या चाऱ्याच्या जाळीतून ओढलेलं अर्धं गवत खाली पडायचं, त्यावरून फेऱ्या व्हायच्या, ते लिदीत आणि ओलीत कालवलं जायचं. आणि पाचवं, तो झोपतो तो नेहमी उजव्या भिंतीकडेच, पहाटेच्या सुमाराला, थोडाच वेळ.

त्या थोड्या वेळाचं महत्त्व मोठं आहे. घोडा उभ्याने डुलकी काढतो हे खरं, पण स्वप्नं पडतात ती गाढ झोप त्याला आडवं झाल्याशिवाय लागत नाही. रोज साधारण अर्धा तास तरी ती मिळावी लागते. बिछाना ओला किंवा टणक असेल तर काही घोडे आडवं व्हायचंच टाळतात आणि मग दिवसा उभ्या उभ्या पेंगून गुडघ्यांवर कोसळतात. पुढच्या गुडघ्यांवर सोललेल्या जखमा दिसल्या की आधी हीच शंका घ्यावी. तेव्हा बिछाना निवडायचा तो माझी पाठ वाचावी म्हणून आणि त्याची झोप व्हावी म्हणूनही. दोन्हींत ओढाताण झाली तर झोपेच्या बाजूने निकाल द्यायचा, असं मी ठरवून टाकलं.

मालाकडे वळण्याआधी आणखी एक काम होतं. साधारण ४५० किलोचा घोडा दिवसाला १५ ते २० किलो लीद टाकतो आणि ८ ते १० लिटर मुततो. लीद दिवसातून आठ-दहा वेळा, कधी जास्तच. पण कापूरच्या ठाणातली ओल मला याहून अधिक वाटत होती. वय झालेला घोडा अचानक फार पाणी पिऊ आणि फार मुतू लागला तर कोणता बिछाना जास्त शोषतो हा प्रश्नच चुकीचा. मूत्रपिंडाचा त्रास किंवा मेंदूच्या तळाशी असणाऱ्या पिट्यूटरी ग्रंथीचा आजार असू शकतो. केस लांब वाढणं, ते वेळेवर न गळणं, पाठीवरचं मांस उतरणं ही त्या ग्रंथीच्या आजाराची आणखी लक्षणं. आम्ही पाण्याच्या बादल्या मोजायला सुरुवात केली. दिवसाला ३०-४० लिटर पाणी अशा घोड्याला चालतं. उन्हाळ्यात आणि मेहनतीच्या दिवसांत त्याहूनही अधिक. पशुवैद्यांनी रक्त तपासलं, सगळं ठीक निघालं. मग त्यांनी चारा विचारला. लसूणघास सढळ हाताने चालू होता. त्यात प्रथिनं भरपूर. गरजेपेक्षा जास्त गेलेली प्रथिनं युरिया होऊन लघवीवाटे बाहेर पडतात आणि ती बाहेर टाकायला घोडा पाणीही जास्त पितो. हलकं काम करणाऱ्या पोक्त घोड्याला एवढ्याची गरज नव्हती. हळूहळू लसूणघास कमी करून साधं वाळलेलं गवत वाढवलं. ओल कमी झाली आणि सकाळी दार उघडताच डोळ्यांना झोंबणारा वासही उतरला. बिछान्याची एक काडीही बदलायच्या आधी एवढा फरक पडला, हे मी मुद्दाम सांगते. कारण हा भाग सगळे गाळतात.

आता माल. कापूर तेव्हा पेंढ्यावरच होता, गव्हाच्या. पेंढ्याबद्दल लोक ‘शोषत नाही’ असं ठोकून देतात. मी पेंढा, छिलके, बारीक भुसा आणि भुसा दाबून केलेल्या लाकडाच्या गोळ्या सारख्या वजनाने वेगवेगळ्या कापडी पिशव्यांत भरल्या, रात्रभर पाण्यात बुडवल्या, ठिबकणं थांबेपर्यंत टांगून ठेवल्या आणि पुन्हा वजन केलं. पेंढा आणि छिलके दोघांनीही आपल्या वजनाच्या दुपटीच्या आसपासच पाणी धरलं. भुसा थोडा पुढे, गोळ्या त्याच्याही पुढे, कारण त्या मुळात फार कोरड्या असतात. पण मला उपयोगी पडलं ते वेगळंच निरीक्षण. उरलेल्या मालाचे जाड थर घमेल्यांत रचून मधोमध तांब्याने पाणी ओतलं, तेव्हा पेंढ्यातून ते सरळ तळाशी गेलं आणि वरचा थर कोरडा राहिला. छिलक्यांत ते वरच्या भागात अडकून बाजूला पसरलं. आधी पाणी मारून फुलवलेल्या गोळ्यांत जिथे पडलं तिथेच त्याचा एक घट्ट गोळा झाला. माल किती पाणी धरतो यापेक्षा कुठे धरतो, हे पसारा करणाऱ्या घोड्याच्या बाबतीत मोलाचं. रात्रभर रवी फिरावी तसा ज्याचा बिछाना घुसळला जातो, त्याची ओल जितकी वर आणि जितकी विखुरलेली, तितकं नुकसान मोठं.

मग पेंढाच का नको? कारण लीद. लांब काड्यांच्या फटींतून लिदीचे गोळे खाली घसरतात आणि कापूरच्या फेऱ्यांनी आणखी खोल जातात. दाताळ्याने शोधत बसायचं, आणि शोधताना अर्धा चांगला पेंढा टाकाऊ ढिगात. त्यातून तो पेंढा खातो. थोडा खाल्ला तर बिघडत नाही, पण वय झालेल्या, दात झिजलेल्या घोड्याने जाड काड्या पोटभर खाल्ल्या आणि पाणी कमी पडलं तर आतड्यात गोळा अडकून पोटशूळ होतो. गव्हाच्या मानाने ओटचा पेंढा त्यांना चवीला जास्त आवडतो, म्हणजे तो अंथरायला आणखी वाईट. आणि धूळ. गासडी सोडताना सूर्यप्रकाशात काय उडतं ते एकदा बघावं. वरून सोनेरी दिसणाऱ्या पेंढ्यातही बुरशीचे कण असतात आणि दम्याचा कल असलेला घोडा त्याने खोकायला लागतो. हेही खरं की नुसता बिछाना बदलून खोकला जात नाही. घोड्याचं नाक दिवसभर गवतात असतं, तेव्हा गवत भिजवून देणं आधी.

पेंढ्याच्या बाजूनेही बोललं पाहिजे. कॅमेऱ्यात कापूर सगळ्यात जास्त वेळ आडवा दिसला तो ताज्या पेंढ्यावर. त्यात तोंड घालून काडी काडी चघळत बसला की फेऱ्याही कमी व्हायच्या. विणारी घोडी असेल तर पेंढाच हवा, कारण ओल्या शिंगराला आणि त्याच्या नाकाला भुसा किंवा छिलके चिकटतात. पेंढ्याला जुनाट म्हणून हसणाऱ्यांशी माझं जमत नाही.

छिलके आले तेव्हा पहिले काही दिवस सुखाचे गेले. बिछाना उजळ, लीद लांबून दिसते, जाळीदार पंजाने उचलायची, हलवायची, चांगले छिलके खाली पडतात, लीद वर राहते. शेजारच्या घोडीला हे वर्षभर पुरलं असतं. कापूरने मात्र लिदीचा चुरा करून तो छिलक्यांच्याच आकाराचा केला, आणि पंजाच्या दातांतून दोन्ही सारखेच पडू लागले. आठवडाभरात सगळा बिछाना चहाच्या रंगाचा. कोरडं होतं, पण स्वच्छ नव्हतं, आणि पांढऱ्या घोड्याला तोच रंग लागतो. भिंतीलगत घातलेले उंच बांध तो तुडवून खाली आणायचा. हे बांध शोभेचे नसतात. घोडा लोळताना भिंतीला अडकून पडू नये, पाय टेकायला जागा मिळावी म्हणून ते लागतात.

छिलक्यांच्या निमित्ताने दोन गोष्टी नीट समजून घेतल्या. एक, लाकूड कोणतं आहे हे माहीत असल्याशिवाय छिलके घेऊ नयेत. काळ्या अक्रोडाचे छिलके बिछान्यात पाचवा हिस्सा जरी असले तरी घोड्याच्या खुरांना दाह होतो, पाय सुजतात, आणि हे एका दिवसाच्या आत घडतं. खायची गरजही नाही, नुसतं त्यावर उभं राहणं पुरतं. वखारीत सगळ्या लाकडांचा माल एकत्र झाडून भरला जातो, तेव्हा ‘बहुतेक पाइनच आहे’ या उत्तरावर मी पोतं उचललं नाही. फर्निचरच्या कारखान्यातला भुसाही नको; त्यात प्लायवूडचा डिंक, पॉलिश, टाचण्या आणि खिळे निघतात. दोन, छिलक्यांवर मूत पडून थोडा वेळ गेला की ते तांबूस-केशरी दिसू लागतं. पहिल्यांदा पाहणारा रक्त समजून घाबरतो. मुतातले काही घटक हवेशी संयोग होऊन तसा रंग धरतात. घोड्याची लघवी मुळात गढूळ आणि पिवळीच असते. धार सुटतानाच लाल किंवा काळपट दिसली तर मात्र पशुवैद्यांना बोलवायला एक क्षणही घालवू नये.

बाकीच्या मालांवर मी फार वेळ घालवला नाही. नुसता बारीक भुसा धुळीमुळे बाद. भाताचं तूस हलकं, पायाखाली सरकतं, पाणी धड शोषत नाही आणि गव्हाणीत गेलं तर डोळ्या-नाकात टोचतं. कागदाच्या पट्ट्यांना धूळ नसते, दम्याच्या घोड्याला त्या बऱ्या, पण ओल्या झाल्या की थापून बसतात आणि कोरड्या असल्या की वाऱ्यावर तबेलाभर उडतात. हेंपच्या, म्हणजे भांगेच्या जातीच्या झाडाच्या, काड्यांचे तुकडे पाण्याला उत्तम, पण ते मुळीच ढवळायचे नाहीत, ओल तळाशी राहू द्यायची, अशी त्यांची अट. ती कापूरला कोण सांगणार? जवसाच्या काड्यांचंही तेच, शिवाय काही घोडे त्या खातात. वाळू लोळायला छान, खाली पाणी सोडते, पण जमिनीवर पडलेलं गवत वेचणारा घोडा वाळूही गिळतो आणि ती आतड्यात साठत जाते. पीट, म्हणजे दलदलीत अर्धवट कुजून साठलेला पालापाचोळा, त्यासारखं शोषणारं दुसरं काही नाही, वजनाच्या दहापट पाणी धरतं म्हणतात ते खोटं नाही आणि अमोनियाही दाबून ठेवतं. पण ते काळं असतं, त्यात लीद दिसत नाही, आणि शतकानुशतकं साठलेल्या दलदली खणून ते काढतात. तबेल्यासाठी एवढं करावं असं मला वाटत नाही.

रबराच्या चटया आधीपासूनच घातलेल्या होत्या. त्या बिछाना नव्हेत. फरशीचा गारठा आणि टणकपणा कमी करतात, पाय घसरत नाही, वरचा माल कमी लागतो. पण थेंबभरही शोषत नाहीत. जोडांतून मूत खाली गेलं की ते तिथे कुजत बसतं, म्हणून अधूनमधून चटया उचलून धुवाव्या लागतात. दोन माणसं लागतात आणि दोघंही नंतर दिवसभर कुरकुरतात.

लाकडाच्या गोळ्यांकडे मी जरा साशंक मनाने वळले होते. दिसायला अगदी खुराकाच्या गोळ्यांसारख्या. इथेच पहिली सावधगिरी: कोरड्या गोळ्या घोड्यापुढे पडू द्यायच्या नाहीत. त्याने खुराक समजून खाल्ल्या तर त्या अन्ननलिकेत फुगून अडकू शकतात. आधी पाणी मारून फुलवायच्या, भुसा झाला की मग घोडा आत. शेगडीत जाळायच्या गोळ्याही बाजारात असतात. त्यांत इतर काय मिसळलेलं असेल याची खात्री नसते, तेव्हा जनावरांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्याच घ्याव्यात. पाण्याचं प्रमाण हाताला यावं लागतं. गोळी फुटेल पण मुठीत दाबल्यावर पाणी सुटणार नाही, इतकंच. जास्त झालं तर शोषायची ताकद आपणच संपवली. कोरड्या हवेत वरचा थर पुन्हा धुळीसारखा होतो, तेव्हा झारीने हलकासा शिडकावा.

या फुललेल्या भुशाचा कण इतका बारीक असतो की तो पंजातून सहज गळतो आणि लिदीचा चुराही बऱ्यापैकी वर राहतो. ओल पसरत नाही, त्याचा तळाशी एक गठ्ठा होतो. माल जड असल्याने फेऱ्यांनी तितकासा उधळत नाही. छिलक्यांपेक्षा रोज टाकायचा माल बराच कमी झाला. पण झोपेचं काय? कॅमेऱ्यात कापूर त्यावर आडवा व्हायचा, मात्र पेंढ्यावर व्हायचा त्याहून कमी वेळ. आणि फेऱ्या जिथे होत्या तिथे भुसा तुडवून दोन दिवसांत मळकट होई.

तेव्हा कॅमेऱ्यातल्या पहिल्या रात्री आठवल्या. तो चालतो एका पट्ट्यात, मुततो मध्यावर, झोपतो उजवीकडे. मग एकच माल सगळीकडे सारखा पसरायचा हट्ट कशासाठी? डाव्या बाजूची दारापासून मागच्या भिंतीपर्यंतची वाट मी उघडीच ठेवली, नुसती रबरी चटई. मध्यावर गोळ्यांचा भरपूर जाड थर, वीतभर तरी. उजव्या भिंतीकडे खाली गोळ्या आणि वर पेंढ्याचा मऊ थर, भिंतीलगत बांध. मोतद्दार दाराशी उभे राहून बघत होते. “तो तुमच्या रेघेवरून चालेल होय?” म्हणाले. शंका रास्त होती. पण चालणाऱ्याला टणक वाट बरी वाटते, तसंच झालं. बिछान्यात पाय रुतवत जाण्यापेक्षा त्याने चटईची पट्टीच धरली. आणि कडक जमिनीवर मुतायचं त्याला आवडत नसल्यामुळे ती वाट कोरडी राहिली. लीद बहुतेक वाटेवरच पडते. तिथे ती चुरडली तरी रबरावर चुरडते, फावड्याने खरवडली की काम झालं. उजवीकडच्या पेंढ्यात लीद क्वचितच जाते, त्यामुळे पेंढ्याची जी खोड होती तीच इथे लागू पडत नाही. मूत पेंढ्यापर्यंत गेलंच तर ते आरपार जाऊन खालच्या गोळ्यांत थांबतं.

हे सगळ्यांना जमेल असं नाही. आमचं ठाण १२ बाय १२ फुटांचं आहे आणि वाट सोडूनही झोपायला ऐसपैस जागा उरते. लहान ठाणात मोठा घोडा असेल तर जमीन उघडी टाकण्याची चैन परवडणार नाही. तिथे झोपण्याची जागाच कमी पडेल.

गवताची जाळी वाटेच्या मागच्या टोकाला हलवली, म्हणजे गळलेलं गवत चटईवर पडतं आणि तो ते वेचून खातो. जाळीची भोकं लहान केली. गवत रात्रभर पुरतं आणि तोंड कामात राहतं. पाण्याची बादली दुसऱ्या टोकाला, नाहीतर तो प्रत्येक घास बुडवून खातो आणि बादलीभोवती नवीन ओलीचं राज्य सुरू होतं. दोन ठाणांमधल्या भिंतीच्या वरच्या भागातल्या फळ्या काढून तिथे गज बसवून घेतले. शेजारची घोडी दिसायला लागल्यापासून फेऱ्यांत जितका फरक पडला तितका कोणत्याही मालाने पडला नसता. कुरणातला वेळही वाढवला. जी लीद कुरणात पडली ती ठाणात पडत नाही, यापेक्षा स्वस्त बिछाना नाही.

सफाईचं वेळापत्रक थोडं बदललं. रात्री झोपण्यापूर्वी एक चक्कर मारून वाटेवरची लीद उचलते; रात्रभर चुरडायला मालच कमी उरतो. सकाळी वाट खरवडायची, बिछान्यावर पडलेली लीद वरवर वेचायची आणि मध्यावरच्या ओल्या गठ्ठ्याला रोज हात लावायचा नाही. रोज उकरलं की चांगला कोरडा भुसा त्यात मिसळतो आणि शोषण्याची घडीच विस्कटते. आठवड्यातून दोनदा तो गठ्ठा पूर्ण काढायचा आणि खड्डा नवीन गोळ्यांनी भरायचा. त्याआधी वास आला तर आधी.

वास कसा घ्यायचा हेही सांगायला हवं. दाराशी उभं राहून नाही. गुडघे टेकून नाक बिछान्याजवळ न्यायचं, कारण घोडा झोपतो तेव्हा त्याचं नाक तिथे असतं. मुतातल्या युरियाचं जंतू अमोनियात रूपांतर करतात, आणि तो जिथे तयार होतो तिथेच सर्वात दाट असतो. आपल्याला उभ्याने झोंबत असेल तर खाली बराच वेळ आधीपासून झोंबत असणार. ओल्या जागेवर चुना मारायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. मी ती सोडली. विरवलेला चुना त्वचेला जाळतो आणि जागा अल्कधर्मी करून अमोनिया उलट जास्त बाहेर सोडतो. त्याऐवजी ओला गठ्ठा काढल्यावर उघड्या चटईवर झिओलाइट या खनिजाची पूड टाकते; ती अमोनिया धरून ठेवते. आणि खिडकी उघडी. थंडी वाजेल म्हणून तबेला बंद करणाऱ्यांना मी रोज एकदा तरी टोकते. घोड्याला कोरडी थंड हवा चालते, कोंडलेली नाही.

पायांची गोष्ट नालबंदांनी आपणहून काढली. खुराच्या तळाशी जो मऊ त्रिकोणी भाग असतो, त्याच्या खाचांत पूर्वी काळी, घाण वासाची चिकट कुज सापडायची. हवा न लागता वाढणारे जंतू ती करतात आणि ओल्या लिदीत उभं राहणं त्यांना मानवतं. ती गेली. मी बिछान्याला श्रेय द्यायला निघाले होते, पण नालबंदांनी अडवलं: खूर रोज साफ होतायत, घोडा बाहेर जास्त चालतोय, त्याचाही हिशेब धरा. धरला.

राहता राहिला प्रश्न ढिगाचा. लाकडाचा माल खतात लवकर कुजत नाही. लाकडात नत्राच्या मानाने कार्बन ४००-५०० पट, पेंढ्यात साधारण ८० पट. ढीग नीट कुजायला ते प्रमाण २५-३० च्या आसपास लागतं. लाकडाचा अर्धा कच्चा माल शेतात टाकला तर तो जमिनीतलाच नत्र ओढून घेतो आणि पिकं पिवळी पडतात. आमचा ढीग लिदीने जड आहे म्हणून निभावतं. त्यात शेजारच्या घोडीचा पेंढाही घालतो, पाणी मारतो, दर आठवड्याला उलथवतो. उन्हाळ्यात तर माश्यांची पैदास थांबवायलाही ते करावं लागतं. आत लांब दांड्याचा थर्मामीटर खोचला की काटा ५५ अंशांच्या वर दिसतो, म्हणजे जंतांची अंडी आणि तणाचं बी मरतं. तरीही परवा माळी मूठभर उचलून, बोटांनी चुरून म्हणाला की लाकूड अजून दिसतंय, आत्ता नको. तेव्हा तो ढीग बाजूला ठेवून पलीकडे दुसरा सुरू केलाय, आणि त्यात गोळ्यांचा ओला गठ्ठा थेट न टाकता आधी लिदीत कालवून टाकतोय.